असईचा पाइपर

जाफराबादच्या पारावर स्कॉटलंडच्या संगीताचा विषय काढला, तर लोक हसतील. पण त्या सुरांचा या भागाशी सव्वादोनशे वर्षांपूर्वीच संबंध आला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईजवळ, शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. त्याच्याकडे ७४वी आणि ७८वी अशा दोन स्कॉटिश हायलँडर पलटणी होत्या. ७४व्या पलटणीतली जेमतेम ५०० माणसं लढाईत उतरली आणि त्यांतली सुमारे ४०० ठार वा जखमी झाली.

७८व्या पलटणीतल्या एका पाइपरची, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्याची, हकिगत डेव्हिड स्ट्युअर्टने १८२२च्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. असईला वाजंत्र्यांनी जखमींना उचलून न्यावं, असा हुकूम सुटला. तो आपल्यालाही लागू आहे असं समजून या पाइपरने वाद्य खाली ठेवलं आणि जखमींना हात दिला. पुढे सोबत्यांनी त्याला टोमण्यांनी हैराण केलं. बासरीवाले मागे गेले तर चालतं, पाइपरने कसं जावं? दोन महिन्यांनी अडगावच्या लढाईत त्याने अशा त्वेषाने वाजवलं की शिपाई रांग मोडून धावत सुटतील, या भीतीने वरिष्ठाला त्याचं वादन काही वेळ बंद करायला लावावं लागलं.

ही गोष्ट वीरश्रीची म्हणून सांगतात. मला तिच्यात वादकाची लाचारी दिसते. चाल त्याच्या बापजाद्यांची, पण ती कधी वाजवायची आणि कधी थांबवायची, हे ठरवणारा दुसराच.

योगायोग असा, की त्याच १८०३ साली एडिंबरात जेम्स जॉन्सनच्या स्कॉटिश गीतसंग्रहाचा सहावा आणि शेवटचा खंड निघाला. या संग्रहासाठी कवी रॉबर्ट बर्न्स १७९६मध्ये मरेपर्यंत राबला होता. जुन्या चाली त्याने गोळा केल्या. शब्द तुटके असतील तिथे ते सांधले, नसतील तिथे स्वतःचे घातले. त्यातलं जुनं किती आणि बर्न्सचं किती, हे वेगळं काढताना अभ्यासकांचीही दमछाक होते.

१९६९मध्ये ग्लासगोत निघालेला ‘बॅटलफील्ड बँड’ याच वाटेने गेला. १५६८च्या लढाईवरून नाव पडलेल्या वस्तीचंच नाव त्याने घेतलं. फिडल आणि पाइपच्या जोडीला कीबोर्ड आला, पारंपरिक चालींच्या शेजारी स्वतःच्या रचना आल्या. असईच्या पाइपरला जी मुभा नव्हती, ती या वादकांनी घेतली.

याला भेसळ म्हणणारे तिकडेही आहेत, इकडेही. त्यांची भीती अगदीच खोटी नाही. मूळ चाल न शिकता तिच्यावर ठेका चढवला की उरतो तो नुसता गोंगाट. पण जुनं घोटून आलेला माणूस नवं करतो, तेव्हा परंपरेचं काही बिघडत नाही. वामनदादा कर्डकांनी लोकगीतांच्या वळणाच्या चालींत आंबेडकरी विचार गावोगाव पोचवला. त्या चाली बाटल्या असं कोण म्हणेल?

आपली सनईही पाइपपासून फार लांबची नाही. इथे एक वादक अखंड सूर धरतो आणि दुसरा चाल वाजवतो. पाइपमध्ये तोच आधारसूर काखेतल्या पिशवीच्या हवेवर तीन नळ्या धरून ठेवतात. सूर असा पक्का असला की चालीला फिरायला मोकळीक मिळते. परंपरेने नव्या रचनेसाठी एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

जाफराबाद परिसरात सनई, संबळ, हलगी वाजवणारे हात आहेत. वरातीची सुपारी देताना आपण त्यांच्याकडे सिनेमातलं गाणं मागतो आणि वर परंपरा बुडाली म्हणून हळहळतो. पुढच्या वेळी त्यांना त्यांची स्वतःची रचना वाजवायला सांगा, आणि तिचे पैसे वेगळे द्या.