लावणे

स्पॅनिशमधल्या ‘खेळणे’ या क्रियापदाचं रोमन स्पेलिंग आपण मराठी माणसं सरळ ‘जुगार’ असं वाचू. उच्चार मात्र ‘हुगार’. त्याचं मूळ थट्टा-विनोदाच्या लॅटिन शब्दात आहे, आपल्या जुगाराचं संस्कृत द्यूतात. दोघांचं नातं काहीच नाही, योगायोग आहे. पण धानोऱ्यात, रेंज असेल तेव्हा मोबाइलवर स्पॅनिश शिकणाऱ्या माझ्यासारख्याला असा योगायोग पुरतो. पैजेच्या धड्यावर मी आठवडाभर रेंगाळलो.

‘आपोस्तार’ म्हणजे पैज लावणे. याच क्रियापदापुढे ‘पोर’ जोडलं की अर्थ होतो एखाद्यावर भरवसा टाकणे. आणि ‘हुगार’ला शेवटी ‘से’ लागला की ‘हुगार्से’: आपलं काहीतरी डावावर ठेवणे. ‘हुगार्से ला विदा’ म्हणजे जीव पणाला लावणे. तो ‘से’ मला आवडला. जे लावलंय त्याची झळ लावणाऱ्यालाच बसणार, असं तिथलं व्याकरण धरून चालतं.

आपलं ‘लावणे’ असं काही धरत नाही. आपण झाड लावतो, दिवा लावतो, जीव लावतो, आणि आकडाही लावतो. कुणाचं लावलं, हे क्रियापदाला विचारायची सोय नाही.

मटक्याची भाषा बघा. आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईला येणाऱ्या भावांवर सट्टा चालायचा. ते भाव थांबल्यावर, 1960च्या दशकात, मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली. मग पत्ते आले, मडकं गेलं, नाव राहिलं. ओपन, क्लोज, जोडी, पाना. विदर्भात सट्टापट्टी. या सगळ्या शब्दांत हरणारा कुठेच नाही. आकडा ‘लागतो’ किंवा ‘लागत नाही’, जणू पाऊस आहे. आता तर ‘गेमिंग’ आलं. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर 2025मध्ये केंद्राने बंदी घातली, पण त्या कायद्याच्या नावातही शब्द ‘गेमिंग’च आहे.

माझा एक मित्र म्हणतो, “पैसे माझे, मी लावतो, तुझं काय जाते?” हा प्रश्न मला फालतू वाटत नाही. सज्ञान माणसाने स्वतःच्या कमाईचं काय करावं हे मी कोण सांगणार? शिवाय तो पुढे म्हणतो की धानाची शेती हाही जुगारच आहे. इथे मात्र मी अडतो. पाऊस दगा देतो तेव्हा शेतकरी हरतो, पण त्याच्या हरण्यावर कुणी जिंकायला बसलेलं नसतं. सट्ट्यात बसलेलं असतं. तरीही त्याचा मूळ प्रश्न उरतोच: पैसे ‘माझे’ म्हणजे किती माझे?

कोंबड बाजारात हे उघड दिसतं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात अजूनही तो चोरून भरतो. कोंबड्याच्या पायाला काती बांधतात. पैसा माणसाचा आणि जीव कोंबड्याचा. जीव पणाला लावणे हा वाक्प्रचार तिथे शब्दशः खरा होतो, फक्त ‘से’ गळून पडतो.

पण आपल्याकडचा या विषयावरचा सगळ्यात धारदार प्रश्न सभापर्वातला आहे, आणि तो हरणाऱ्याने विचारलेला नाही. द्रौपदीने विचारलं होतं की धर्मराज आधी स्वतःला हरले की तिला. स्वतःला हरलेल्या माणसाकडे लावायला उरतं काय? भीष्मांनाही सरळ उत्तर देता आलं नाही. ‘पणाला लावणे’ हे शब्द आपण आज शौर्यासाठी वापरतो, पण महाभारतातल्या त्या पटावर पणाला लागलेली ती होती आणि लावणारा दुसराच.

जाता जाता एक गोष्ट. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं दुःख सांगणारं सूक्त आहे. त्यातले फासे बेहड्याच्या फळांचे. तोच बेहडा जो आमच्या जंगलात पडतो आणि लोक वेचून विकतात. त्या सूक्तातही घरी बायको आहे, आई आहे. डावात त्या नव्हत्या, झळ त्यांनाही बसते.

धानोऱ्याच्याच तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. 2009 साली त्याला सामूहिक वनहक्क मिळाले, म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो 2013 सालचा ग्रामदानाचा निर्णय. ग्रामदानात जमिनीची मालकी गावाकडे जाते. कसणारा कसत राहतो, पण बाहेरच्याला विकू शकत नाही. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचे, ही त्या गावाची जुनी रीत. म्हणजे तिथे एखादा युधिष्ठिर निघाला तरी शेत पणाला लावायला त्याला आधी अख्ख्या गावाला विचारावं लागेल, त्यात बायकाही बसलेल्या असतील.

मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, “जमिनीचं ठीक आहे. तेंदूपत्त्याचे पैसे तर माह्या खात्यात येतात ना.” खरंय. आणि ते खातं मोबाइलवरच उघडतं.