धुक्यांतील साक्षी

(वाचनासाठीं शास्त्रभाग : योहान १:६–८, १ करिंथ १४:६–९)



थंडीच्या दिवसांत पंचगंगेच्या कांठीं जे राहतात त्यांस धुकें म्हणजे काय हें सांगावयास नको. पहांटे तें नदीवरून उठतें, उसाच्या फडांवर पसरतें, आणि इतकें दाट होतें कीं बांधावर उभा असलेला आपलाच बैल आपणांस दिसत नाहीं. अशा वेळीं रुकडीच्या बाजूनें आगगाडीची शिटी ऐकूं येते. अंथरुणांत पडून ती ऐकणाऱ्याच्या मनांत क्वचितच येतें कीं, आपणांस जशी गाडी दिसत नाहीं, तसा गाडी हांकणाऱ्यासही पुढचा मार्ग दिसत नसेल. आणि त्याच्या मागें शेंकडों माणसें निश्चिंत बसलेलीं आहेत.

कोल्हापूर ते मिरज हा लोहमार्ग १८९१ सालीं सुरू झाला. वळिवडें, रुकडी, हातकणंगलें, जयसिंगपूर हीं स्टेशनें आपल्या नित्याच्या ओळखीचीं आहेत. बैलगाडीचा धनी कासरा ओढतो आणि बैल उभे राहतात. आगगाडीचें तसें नाहीं. पोलादी चाक पोलादी रुळावर धांवतें. ब्रेक लाविल्यावरही वेगांतील गाडी पुष्कळ अंतर पुढें जाऊनच थांबते, आणि तिला बाजूस वळवितां येत नाहीं. म्हणून तांबडा दिवा अगदीं जवळ आल्यावर दिसून उपयोग नाहीं. तो दुरून दिसला पाहिजे.

परंतु दुरून दिसण्याची सोय सर्वत्र नसते. कोठें वळण असतें, कोठें पूल किंवा डोंगराची कड आड येते, कोठें धुकें. अशा ठिकाणीं रेल्वेनें काय केलें हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. "डोळे अधिक ताणून पाहा," एवढेंच सांगून तिनें ड्रायव्हरास एकटें सोडिलें नाहीं. तिनें त्याच्या साहाय्यास साक्षी उभे केले.

त्यांतील एक साक्षी असा. जेथें मूळ सिग्नल पुरेशा अंतरावरून दिसत नाहीं, तेथें त्याच्या अलीकडे, म्हणजे गाडी ज्या बाजूनें येते त्या बाजूस, दुसरा एक सिग्नल उभा करितात. त्यास रिपीटिंग सिग्नल म्हणतात. त्याच्या खांबावर 'आर' हें इंग्रजी अक्षर असतें, यासाठीं कीं ड्रायव्हरानें त्यासच मूळ सिग्नल समजूं नये. त्याचें काम एकच : पुढचा सिग्नल जें सांगणार आहे तें अगोदर कळविणें. पुढें मार्ग बंद असेल तर हा म्हणतो, "जपून ये, थांबण्यास सिद्ध हो." पुढें मार्ग मोकळा असेल तर हाही तसेंच दाखवितो. त्यास स्वतःचें असें कांहीं सांगावयाचें नाहीं.

बाप्तिस्मा करणारा योहान असाच होता. लोक त्यासच ख्रिस्त समजूं लागले, तेव्हां त्यानें तो मान घेतला नाहीं. आपलें बोट पुढें येणाऱ्याकडे केलें आणि आपण मागें सरला. बंधूंनो, मंडळींतील पाळक, वडील, रविवारच्या शाळेचे गुरुजी आणि घरोघरींच्या माता, आपण सर्व असेच आहों. आपल्या खांबावरचें अक्षर आपण पुसून टाकिलें, आणि "मी सांगतों म्हणून" असें बोलूं लागलों, तर आपण देवाची जागा घेतली. आणि पुढें तांबडा दिवा आहे हें ठाऊक असून आपण हिरवा दाखविला, कां कीं येणारा आपला सोयरा आहे, तर आपण त्याच्या गळ्यास सुरी लाविली.

दुसऱ्या साक्षीची गोष्ट मला आमच्या मंडळींतील एका वृद्ध बंधूंनीं सांगितली. त्यांनीं आपली उमर रुळांवर गँगमन म्हणून घालविली, आणि त्यांतील बरींच वर्षें बोरघाटांत गेलीं. कोल्हापुराहून रात्रीं निघणारी महालक्ष्मी एक्सप्रेस ज्या घाटानें मुंबईकडे उतरते तोच हा घाट. तेथील लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. ३७ फुटांस १ फूट असा त्याचा चढ आहे, आणि पावसाळ्यांत ढग खालीं उतरून रुळांवरच बसतात.

ते म्हणाले, "स्टेशनापासून निदान १८० मीटरांवर एक खूण नेमलेली असते. ती दिसेनाशी झाली कीं धुकें दाट झालें असें धरावयाचें. मग वाद नाहीं. फटाके घेऊन माणसानें रुळांवर जावयाचें." हे फटाके म्हणजे लहान चपट्या डब्या होत, त्यांच्या पट्ट्या रुळास वळवून घट्ट बसवितात. सिग्नलाच्या अलीकडे निदान २७० मीटरांवर, एकमेकांपासून सुमारें १० मीटरांच्या अंतरानें, असे दोन फटाके लावून तो माणूस बाजूस होतो. इंजिनाचें चाक वर आलें कीं धडाका होतो. जें डोळ्यांस दिसत नव्हतें तें कानांस कळतें : सिग्नल जवळ आला, वेग कमी कर, नीट पाहा.

मीं त्यांस विचारिलें, "काका, एवढ्या थंडीपावसांत, अंधारांत, एकट्यानें जावयाचें! भय वाटत नसे?" ते क्षणभर थांबून म्हणाले, "पाळकसाहेब, धुक्यांत तांबडा दिवा दिसत नाहीं म्हणून तो हिरवा होत नाहीं."

त्यांचें हें वाक्य माझ्या काळजांत रुतलें, आणि त्याचें कारण मी आज आपणांपुढें कबूल करितों. कांहीं वर्षांपूर्वीं मंडळींतील एक शेतकरी बंधू माझ्याकडे आले. मुलीचें लग्न ठरलें होतें. सोयऱ्यांस शोभेल असें करावें, बँड लावावा, तीन गांवांस जेवण द्यावें, म्हणून विहिरीजवळची जमीन गहाण टाकून कर्ज काढावें असें त्यांच्या मनांत होतें. "पाळकसाहेब, आपणांस काय वाटतें?" असें त्यांनीं मला सरळ विचारिलें. मला काय वाटत होतें तें मला पक्कें ठाऊक होतें. परंतु घरांत आनंद होता, बायकामाणसें ऐकत होतीं, आणि मला वाईट व्हावयाचें नव्हतें. मी म्हणालों, "प्रार्थना करा, प्रभु मार्ग दाखवील." शब्द खरे होते, परंतु मीं त्यांच्या आड लपून बसलों. लग्न थाटानें झालें. आशीर्वाद मींच दिला. पुढें दोन वर्षें उसाचें बिल व्याजांतच गेलें, आणि तिसऱ्या वर्षीं ती जमीन गेली. त्या बंधूंनीं मला दोष दिला नाहीं. एकदां उपासनेनंतर ते इतकेंच म्हणाले, "त्या दिवशीं तुम्ही एक शब्द बोललां असतां, तर मी थांबलों असतों."

पौलानें करिंथच्या मंडळीस रणशिंगाचा दाखला दिला : त्याचा नाद अस्पष्ट निघाला तर शिपाई कशास सिद्ध होतील? मी मुका नव्हतों, बंधूंनो. मीं नाद केला, परंतु अस्पष्ट केला. फटाका रुळास न लावितां खिशांत ठेवून परत आलेल्या माणसासारखा मी होतों.

या फटाक्यापासून आणखी तीन गोष्टी शिकूं या. पहिली ही कीं, तो ड्रायव्हराचा न्याय करीत नाहीं. तूं वाईट आहेस असें तो म्हणत नाहीं. दिवा तांबडा कीं हिरवा हेंही तो सांगत नाहीं. तो म्हणतो, "सावकाश हो आणि पाहा." आपल्या भावास सावध करितांना आपलेंही बोलणें असेंच असावें. दुसरी ही कीं, फटाके दोन असतात. एक न वाजला तर दुसरा वाजावा. प्रभूनेंही आपल्या शिष्यांस दोघां-दोघांनीं पाठविलें. एकट्याचें धैर्य होत नसेल तर मंडळींतील एखाद्या शहाण्या बंधूस किंवा भगिनीस बरोबर न्या. तिसरी गोष्ट ऐकणाऱ्यांसाठीं आहे. धडाका ऐकून ड्रायव्हर असें म्हणत नाहीं कीं, "हा गरीब गँगमन मला शिकविणारा कोण?" तो वेग कमी करितो. परंतु आपल्या गांवांत कोणीं सावध केलें कीं प्रथम आपण त्याची जात, त्याचें घर आणि त्याच्या मुलांचे दोष काढितों. आणि तेवढ्या वेळांत गाडी सिग्नल ओलांडून जाते.

आतां नवीन साधनेंही आलीं आहेत. उत्तरेकडे हिंवाळ्यांत धुकें फार पडतें. तेथील ड्रायव्हरांजवळ अलीकडे एक यंत्र देतात. आकाशांतील उपग्रहांच्या योगें तें पुढचा सिग्नल किंवा फाटक किती दूर आहे तें दाखवितें व बोलूनही सांगतें. परंतु सिग्नल कोठें आहे एवढेंच त्यास कळतें. त्यावर तांबडा आहे कीं हिरवा, तें ड्रायव्हरानें स्वतःच पाहावें लागतें. आपणांपैकीं पुष्कळांस पवित्र शास्त्रांतील अध्याय व ओव्या तोंडपाठ आहेत. वचन कोठें आहे तें आपण तत्काळ सांगतों. तें आज आपणांस काय सांगत आहे, हें मान वर करून आपण पाहतों काय?

प्रियजनहो, या आठवड्यांत असें करा. ज्याच्यापुढें धुकें आहे असा एक मनुष्य आठवा : दारूच्या गुत्त्याकडे वळलेला मुलगा, सावकाराच्या ओट्यावर बसलेला भाऊ, बांधावरून भावाशीं कोर्टांत जावयास निघालेला शेजारी. त्याच्या घरीं जा. चारचौघांत नव्हे, एकांतीं बोला; प्रीतीनें बोला, परंतु स्पष्ट बोला. त्यानें ऐकलें कीं नाहीं हें कदाचित् तुम्हांस कधींच कळणार नाहीं. फटाका लावणाऱ्या माणसाजवळून गाडी अंधारांत निघून जाते. कोणी खिडकींतून त्याचे आभार मानीत नाहीं. तरी ज्यानें त्यास कामावर नेमिलें तो जाणतो कीं तो आपल्या जागीं होता.

मीही त्या बंधूंच्या घरीं पुन्हां गेलों. जमीन परत आली नाहीं. परंतु त्यांचा धाकटा मुलगा लग्नाचा झाला आहे, आणि या खेपेस त्यांनीं विचारण्यापूर्वींच मीं तोंड उघडलें. तें लग्न मंडळीच्या मंदिरांत, घरच्या भाकरीवर होणार आहे.

हे प्रभो, आम्हांस स्पष्ट वाणी दे, आणि सावध करणाऱ्याचा शब्द ऐकणारे कान दे. आमेन.