वाचक कोण, मध्यस्थ कोण?

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळांवरचा बराच मजकूर माणसाला वाचता येई, शोधयंत्राला येत नसे. तेव्हा श्रीलिपीसारख्या फाँटांचा जमाना होता. पडद्यावर देवनागरी उमटायची, पण आत साठवलेले असायचे रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत. पंढरपूरवर कुणी कितीही चांगलं लिहिलं तरी ‘पंढरपूर’ शोधणाऱ्याच्या हाती ते लागत नसे. त्याच सुमारास जगभर याच्या नेमका उलटा प्रकार बोकाळला होता. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच रंगात शब्दांच्या रांगा लपवल्या जायच्या. यंत्र त्या वाचायचं, माणसाला काहीच दिसायचं नाही.

वाचक दोघांचाही अडला. तरी पहिल्या लेखकाला कुणी अप्रामाणिक म्हणणार नाही आणि दुसऱ्याला म्हटल्यावाचून राहणार नाही. इथे तंत्राचा प्रश्न संपतो आणि नीतीचा सुरू होतो: लिहिणाऱ्याचं देणं नेमकं कुणाला लागतं?

शोधयंत्राला स्वतःची आवड नसते. गूगलच्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा आधार माणसांचा विश्वास हाच होता. एखाद्या पानाकडे इतर पानं दुवा देतात, म्हणजे कुणाला तरी ते उपयोगी वाटलं असणार. आणि दुवा देणारं पान जितकं मातब्बर तितकं त्याच्या मताला वजन. मग दुव्यांचाच बाजार भरला. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्येच चलनविषयक धोरणाबद्दल हे सांगून ठेवलं होतं: नियंत्रणासाठी वापरू लागलो की मोजमापाचा भरवसा उरत नाही. गूगलने २०११ मध्ये ‘पांडा’ नावाचा शोधपद्धतीतला बदल आणून पोकळ पानं मागे ढकलली. पुढे २०२२ मध्ये माणसांच्या उपयोगी पडणाऱ्या मजकुराला झुकतं माप द्यायचं असं जाहीर केलं.

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. कर्जासाठी उतारा हवा असलेला शेतकरी मोबाइलवर ‘सातबारा’ असंच टाकतो. ‘अधिकार अभिलेख पत्रक’ हे नमुन्यावरचं सरकारी नाव त्याच्या तोंडी नसतं. म्हणून शीर्षकात ‘सातबारा’ असणं यंत्राच्याही सोयीचं आणि त्याच्याही. इथवर दोघांचं हित एकच आहे. पण पुढे त्याच शब्दांची चार परिच्छेद उलटापालट होते आणि खरी गोष्ट तळाशी जाते: फुकट पाहता येणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो, सरकारी कामाला डिजिटल स्वाक्षरीचा लागतो. हे न कळता तो फुकटचा कागद छापून बँकेत गेला, तर त्याला हात हलवत परत यावं लागतं. पान मात्र यादीत वर राहिलेलं असतं.

आता यंत्रच प्रामाणिक लेखनाला बक्षीस देऊ लागलं, तर बक्षिसासाठीचा प्रामाणिकपणा खरा मानायचा का? इमॅन्युएल कांटने १७८५ च्या ग्रंथात असाच एक दुकानदार उभा केला. तो लहान मुलालाही इतरांच्याच भावात माल देतो. व्यवहार चोख आहे. पण तो कर्तव्य म्हणून की गिऱ्हाईक टिकावं म्हणून, हे भावावरून कळत नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कांटची दखल आहे. कर्माची पारख नुसत्या बाह्य परिणामावरून न करता कर्त्याच्या बुद्धीवरून करावी, हा टिळकांचाही आग्रह.

लेखनाची गोष्ट मात्र दुकानदारीपेक्षा वेगळी आहे. इथे हेतू फार काळ झाकून राहत नाही, तो वाक्यात उतरतो. पानावरच्या चित्रासाठी कोडमध्ये वर्णनाची एक जागा असते. डोळ्यांना न दिसणारी ही ओळ शोधयंत्र वाचतं आणि अंध व्यक्तीच्या फोनमधलं वाचक-सॉफ्टवेअर ती मोठ्याने बोलून दाखवतं. एक लेखक तिथे भरतो: ‘सातबारा ऑनलाइन सातबारा उतारा महाराष्ट्र’. दुसरा लिहितो: ‘गाव नमुना सातचं छायाचित्र, भोगवटादाराच्या नावापुढे क्षेत्र, आकार आणि फेरफार क्रमांक’. दुसरी ओळ यंत्रालाही पुरते, शिवाय ऐकणाऱ्याला कागद समजतो. पहिलीतून त्याला काहीच मिळत नाही.

ही दुसरी ओळ लिहिणं म्हणजे उपकार नव्हेत. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने माहिती सुलभ रूपात मिळण्याची तरतूद केली आहे. रँकिंग वाढो न वाढो, मराठीत माहितीचं पान चालवणाऱ्या प्रत्येकाने प्रकाशित करण्याआधी ते एकदा फोनकडून वाचून घ्यावं, आणि जिथे फोन नुसते शब्द बडबडत सुटेल ती ओळ पुन्हा लिहावी.