ताडीच्या नावाने

व्यसनमुक्तीवरच्या एका परिसंवादात एका ज्येष्ठ समाजसेवकांनी हमखास टाळ्या मिळवणारा मुद्दा मांडला. नशा ती नशा, ताडीची काय आणि गोळीची काय. डहाणू-तलासरीतली ताडीची दुकाने बंद करा, आदिवासींचा अर्धा प्रश्न सुटेल. टाळ्या पडल्याही. त्यांच्या मागच्या भिंतीवर वारली चित्र होते आणि त्यात एक माणूस ताडावर चढत होता. ते मात्र कोणाला खटकले नाही. ताडावर चढणारा वारली आपल्याला दिवाणखान्यात चालतो. त्याच डहाणूत बोर्डीला चिकूची वाइन निघते, तिच्याबद्दल तर अभिमानाने लिहिले जाते.

मला या सोवळेपणाचा राग आहे, पण त्याहून जास्त राग आहे तो त्यामागच्या अडाणीपणाचा. ‘नशा ती नशा’ हे शरीरशास्त्राच्या दृष्टीने साफ खोटे आहे. सकाळी उतरवलेल्या ताडीत दुपारपर्यंत चार-पाच टक्के मद्यार्क तयार होतो आणि संध्याकाळनंतर ती आंबट व्हायला लागते. निसर्गानेच तिच्यावर मर्यादा घातली आहे. मी ताडीची वकिली करत नाही. रोज लोटेच्या लोटे रिचवले तर यकृत तिलाही सोडत नाही. पण दुकानात ताडी म्हणून जे मिळते ते पुष्कळदा ताडी नसतेच. झाडे कमी झाली, आणि चढणारी पोरे वापी, उमरगाव, बोईसरच्या कंपन्यांत गेली. गिऱ्हाईक मात्र होते तेवढेच. मग पाणी, सॅकरिन आणि चिमूटभर पांढरी पावडर. उत्पादन शुल्क विभागाच्या छाप्यांत राज्यात ठिकठिकाणी सापडलेली ही पावडर म्हणजे क्लोरल हायड्रेट. तेलंगणात तिच्या जोडीला अल्प्राझोलाम आणि डायझेपाम आले. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्लीत अशीच ताडी पिऊन माणसे दगावली.

क्लोरलचे कूळ मोठे घरंदाज आहे. लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १८३२ मध्ये तयार केले आणि १८६९ मध्ये लीब्राइखने झोपेचे औषध म्हणून ते रूढ केले. तत्त्वज्ञ नीत्शे निद्रानाशावर तेच घेत असे. आकाश निळे का दिसते यावर प्रयोग करणारा टिंडल १८९३ मध्ये गेला तोही यानेच; पत्नीने चुकून दुसऱ्या औषधाऐवजी क्लोरलचा डोस दिला. युरोपातल्या विचारवंताने घेतले तर निद्रानाश आणि तलासरीच्या मजुराच्या पोटात गेले तर व्यसन, असा आपला हिशेब.

शरीर असा भेद करत नाही. यकृतात क्लोरलचे ट्रायक्लोरोएथेनॉल होते आणि खरी गुंगी त्याची असते. मद्यार्क सोबत असला की हे रूपांतर वाढते, आणि उलट क्लोरलमुळे मद्यार्क रक्तात जास्त वेळ रेंगाळतो. दोघे एकमेकांची धार वाढवतात. म्हणजे ही चढलेली दारू नव्हेच. ही भूल आहे, फक्त उशाशी भूलतज्ज्ञ नाही आणि मात्रा दुकानदाराच्या चिमटीत. श्वास उथळ होत जातो, जीभ मागे पडते, उलटी झाली तर ती फुफ्फुसात उतरते. शिवाय क्लोरल हृदयाला अॅड्रेनॅलिनबाबत हळवे करते. ठोके बिघडून माणूस जातो, आणि कारण ठाऊक नसलेल्या डॉक्टरने अॅड्रेनॅलिन टोचले तर बिघाड वाढतो. अशा वेळी घरचे म्हणतात, ‘झोपू दे, उतरेल.’ इतके घातक वाक्य दुसरे नाही. हलवून, हाक मारून जाग येत नसेल तर त्याला कुशीवर वळवायचे, श्वासावर लक्ष ठेवायचे आणि १०८ ला फोन करायचा.

दारूबंदीवाले या मुलखात एका पुराव्याचा आधार घेतात, म्हणून त्याकडे वळतो. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांत देवी अंगात यायला लागली. सुरुवातीला ती देवीच्या रोगाची शांत होती. ती उत्तरेला सरकत सुरत जिल्ह्यातल्या आदिवासींत पोचली तेव्हा तिचे हुकूम बदलले होते: दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, पारशी गुत्तेवाल्यांकडे कामाला जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमनने यावर ‘द कमिंग ऑफ द देवी’ हे पुस्तक १९८७ मध्ये लिहिले. माझ्या लेखी आदिवासी आणि दारू या विषयावर याहून शहाणे पुस्तक नाही. आदिवासींनी वरच्या जातींची नक्कल केली, हे नेहमीचे स्पष्टीकरण तो नाकारतो. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची दारू गुन्हा ठरवली आणि पिणाऱ्याला गुत्तेवाल्याच्या वहीत अडकवले; तेव्हा न पिणे म्हणजे वहीतून सुटणे. ते सत्तेवर रोखलेले बोट होते. पुढे काहींनी पुन्हा प्यायला सुरुवात केली आणि गावागावांत वरजेला (न पिणारे) व सरजेला (पिणारे) असे तट पडले, हेही तो लपवत नाही.

आमचे समाजसेवक देवी उचलतात आणि गुत्तेवाल्याची वही सोडून देतात. पण माझे हार्डिमनशीही भांडण आहे. त्याच्याकडे ताडी म्हणजे कर, कर्ज, इज्जत. पिणाऱ्याचा मेंदू कुठेच नाही. १९२२ मध्ये ते चालून गेले, कारण तेव्हाची ताडी ताडीच होती. लोक देवीच्या हुकमाने एका दिवसात सोडू शकले. आज ते जमणार नाही.

इथे माझाही सूर बदलतो. आजवर माझे म्हणणे असे होते की पावडरवाली दुकाने उद्या सकाळी सील करा. पण तेलंगणात २०१५ मध्ये धाडी पडल्या आणि ताडी तुटली, तेव्हा रुग्णालये भरली ती पिऊन नव्हे, न पिऊन. ताडीत मिसळलेल्या या औषधांची मेंदूला सवय लागली की ती एकाएकी काढता येत नाहीत. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, फिट येते. त्यात मृत्यूही होतो. अशा माणसाला घरचे भगताकडे नेतात, शेजारी वेडा म्हणतात. त्याला हवे असते मोजलेल्या मात्रेत, उतरत्या क्रमाने दिलेले औषध. म्हणजे ज्या सकाळी दुकान सील होईल त्याच सकाळी डहाणू आणि कासा उपजिल्हा रुग्णालयांत आणि तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा, डायझेपाम आणि ते द्यायला शिकवलेली माणसे तयार हवीत. आज गंभीर रुग्ण सिल्वासा-वलसाडची वाट धरतो, आणि फिट वाटेत थांबून राहत नाही. ही तयारी न करता केलेली बंदी मला दुकानदाराच्या चिमटीइतकीच बेफिकीर वाटते.

तोवर दापचरीच्या नाक्यावर दमणच्या दारूच्या बाटल्या पकडल्या जातील. पकडाव्यात, महसुलाचा प्रश्न आहे. पण विषाचाही प्रश्न आहे, आणि क्लोरल ओळखण्याची फुजिवारा चाचणी शंभर वर्षांहून जुनी आहे: नमुना, पिरिडीन, कॉस्टिक सोडा, थोडी उष्णता, आणि लाल रंग. अल्प्राझोलाम त्यात दिसत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लागते. निदान पहिली चाचणी तरी दुकानाच्या परवान्याला बांधता येईल, आणि तिचा निकाल दुकानाच्या दारावर वारली मजुराला वाचता येईल अशा अक्षरांत लावता येईल.