वाटेची सेवा

भक्तजनहो, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले श्रीक्षेत्र भीमाशंकर सह्याद्रीच्या माथ्यावर वसले आहे. मंचरकडून येणाऱ्या भाविकांसाठी गाडीरस्ता आहे. परंतु कर्जतकडील खांडस गावातून गणेश घाटाने चढणाऱ्यांस आजही पायवाटेचाच आधार असतो. पावसाळ्यात डोंगराचे पाणी याच वाटेवरून धावते, माती वाहून नेते, दगड सुटे करते. वृद्ध यात्रेकरूचा पाय निसटतो तो अशाच ठिकाणी.

शास्त्रकारांनी पुण्यकर्माचे इष्ट व पूर्त असे दोन प्रकार सांगितले आहेत. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, तलाव, देवालय, अन्नदान हे पूर्त. पूर्त म्हणजे परक्याच्या तहानभुकेची काळजी. वाट नीट करणे हेही त्याच मालिकेतील कर्म होय. संत गाडगे महाराज आधी खराट्याने गाव झाडीत, मग कीर्तनास उभे राहत.

म्हणून सुट्टीतील दोन दिवस श्रमदानास द्यावेत. पाणी वाटेबाहेर काढणारे आडवे चर मोकळे करावेत, सुटा दगड पक्का बसवावा. हे अरण्य अभयारण्य असून शेकरूचे घर आहे. तेव्हा वनखात्याच्या अनुमतीनेच व एकही झाड न तोडता हे काम व्हावे. ज्यांस अंगमेहनत शक्य नाही, त्यांनी पहारी, कुदळी, घमेली यांचा भार उचलावा.

आपण बसविलेल्या दगडावर कोणाचे पाऊल पडेल, हे आपणांस कधीच कळणार नाही. ज्यास ते कळते, त्याच्याच दर्शनास आपण आलो आहोत.

॥ ॐ नमः शिवाय ॥