लिहिणे: ओरखड्यापासून नोंदीपर्यंत

संस्कृतातल्या ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ खरवडणे, ओरखडा काढणे. सुश्रुताने शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले, त्यांत ‘लेखन’ आहे आणि तिथे त्याचा अर्थ खरवडून काढणे असाच आहे. इंग्रजीतले ‘राइट’ही मुळात कोरणे, ओरखडणे याच अर्थाचे. दोन्ही क्रियापदांचे मूळ वेगळे, पण हात एकच काम करत होता. शाई मागाहून आली.

आपल्या जालना जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर या गावच्या दात्यांचे लेख आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी दान दिले आणि आपल्या गावाचे नाव टाकीने दगडात उमटवून घेतले. ते आजही वाचता येते.

बोरू आणि कागद आले, तसा दगडाचा भरवसा गेला. कागदाला कसर लागते, पान कडेने झडते. टिकवायची काळजी आता लिहिणाऱ्याच्या अंगावर आली. ती काळजी कशी घ्यायची, हे ज्यांनी बारकाईने सांगितले ते समर्थ रामदास याच जिल्ह्यातले. घनसावंगी तालुक्यातल्या जांबला 1608 मध्ये जन्मलेले. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. समर्थ सांगतात, पानाच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागत नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाचे राहत नाही. पहिल्या अक्षराचे वळण शेवटपर्यंत राहावे, सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. देशोदेशीचे बोरू, मेणकापड, पेट्या, कुलपे यांचीही तजवीज त्यांनी सांगून ठेवली आहे. इथे लिहिणे हे पुढे कधीतरी वाचणाऱ्याची सोय पाहणे झाले. या क्रियापदाच्या सगळ्या प्रवासात मला हेच वळण सर्वांत मोठे वाटते.

दफ्तरात मात्र ही सोय कुणी पाहिली नाही. गावात ‘लिहून दिले’ म्हणजे जमीन गेली. लिहिणारा सावकार, अंगठा कुळाचा. निजामी अमलाच्या अखेरच्या दशकांत सरकारी भाषा उर्दू. शेत ज्याचे, त्यालाच त्या शेताबद्दल काय लिहिले आहे ते वाचता येत नसे. 2023 मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणादरम्यान कुणबी नोंदी तपासायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि ही जुनी दफ्तरे उघडली. कुण्या कारकुनाने ‘कुणबी’ असे लिहिले की नाही, यावर पणतवाचा जातीचा दाखला अडून राहिला. नोंद सापडली तरी ती लावायला उर्दू आणि मोडी जाणणारी माणसे शोधावी लागली. अशी माणसे जिल्ह्यातच घडावीत, मोडीचे आणि दफ्तरी उर्दूचे वर्ग जालन्यात बारमाही चालावेत. शाळा-महाविद्यालयांनी हे काम अंगावर घेतले, तर आपल्याच आज्या-पणज्यांविषयी काय लिहून ठेवले आहे, ते इथल्या पोरांना स्वतः वाचता येईल.