गंज म्हणजे धूळ नव्हे



आजचा श्लोक गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला ३८वा. दोन श्लोक आधी अर्जुनाने विचारलंय, की मनात नसतानाही माणूस पाप का करतो, त्याला ढकलतं कोण? ३७व्या श्लोकात उत्तर आलं, काम आणि क्रोध. आता भगवंत तीन दृष्टान्त देतात : धुराने झाकलेला अग्नी, धुळीने झाकलेला आरसा, वारेने वेढलेला गर्भ. प्रवचनात याचा उलगडा बहुतेक असा ऐकायला मिळतो की धूर फुंकरीने जातो, धूळ पुसावी लागते आणि गर्भाला दिवस भरू द्यावे लागतात. तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. आतली वस्तू शाबूत आहे, ती फक्त झाकली गेलीय.

फार धीर देणारा श्लोक आहे हा. पण यंदा परभणीला घरी गेले आणि त्यात एक चौथा दृष्टान्त घालून बघावासा वाटला.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४०च्या वर जातो. त्यामुळे होळीच्या आसपास घरोघरी पत्र्याचे कूलर बाहेर निघतात. बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार टाकीच्या कडेला पांढरे थर धरतात आणि त्या थराखाली लोखंड सतत ओलं राहतं. लोखंड, पाणी, हवा एवढं गंजाला पुरतं; क्षारांमुळे काम अजून लवकर होतं. यंदाचा कूलर वरच्या खोलीत जाणार होता. तिथे कृषी विद्यापीठात शिकणारी दोन मुलं भाड्याने राहतात. रंगारी म्हणाला, "वरून एक हात मारून देतो, सीझन निघून जाईल." बाबा म्हणाले, "वरूनच मारायचा तर पैसे कामून घालवायचे? अन् मुलांनी हात लावल्यावर काय?"

बाबांचा प्रश्न रंगाचा नव्हताच. कूलरचा शॉक बसून माणूस गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. गंजून भोकं पडलेली टाकी, गळणारं पाणी, जवळच पंपाची वायर, आणि वरून झकास निळा ऑईल पेंट. असा कूलर कोणाच्या हाती देणं हे खोटं बोलणंच आहे, तोंड न उघडता. न रंगवलेला गंजका कूलर निदान बघणाऱ्याला सावध तरी करतो.

मग गवताच्या जाळ्या काढल्या, पंप आणि वायर काढली, एक दिवस सगळं उन्हात वाळवलं आणि तारेचा ब्रश घेतला. (गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातलं. दळण-कांडण करताना विठ्ठलाशी बोलणाऱ्या जनाबाईंचं गाव. तेव्हा कूलर घासताना गीता आठवली तर नवल नाही.) घासताना जे जाणवलं ते हे, की गंज बाहेरून येऊन बसत नाही. तो लोखंडाचाच झालेला असतो. जितका गंज निघेल तितका पत्रा गेलेला असतो. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून फुगतो आणि वरचा रंग उचलून टाकतो. अॅल्युमिनियमवर जो थर येतो तो आतल्या धातूला राखतो. गंज मात्र भुसभुशीत, ओल आत जाऊ देणारा. वर रंग मारला तरी खाली त्याचं खाणं चालूच. धम्मपदाच्या मलवग्गात हाच दृष्टान्त आहे : लोखंडातून उपजलेला मळ लोखंडालाच खातो, तशी माणसाची स्वतःची कर्मं त्याला.

मग गीता आणि धम्मपद एकमेकांविरुद्ध आहेत का? मला तसं वाटत नाही. ३८वा श्लोक ज्ञान झाकलं जाण्याबद्दल आहे आणि ते आरशासारखं शाबूत असतं, हे मला मान्य आहे. पण दोन माणसांमधला विश्वास आरसा नसतो, तो पत्रा असतो. आपण गडबड करतो ती इथे. कोणाचं मन मोडायचं, पैसे बुडवायचे आणि मग म्हणायचं, "आत्मा तर शुद्धच आहे, झालं गेलं विसरा." वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या दोन भावांना लग्नात फोटोपुरतं शेजारी उभं करतात ना, तो हाच निळा पेंट. मोठ्या माणसांना तो फोटो फार आवडतो. मला बघवत नाही.

आमच्या टाकीला एका कोपऱ्यात बोट जाईल एवढं भोक होतं. घासल्यावर ते मोठं झालं. हे होणारच, कारण आधी तिथे पत्र्याच्या जागी गंजच उभा होता. तिथे पत्र्याचा तुकडा लावून एम-सील भरलं. ठिगळ दिसतं, आणि दिसू दे. उघडं लोखंड रात्रभर तसंच ठेवलं तर पुन्हा लाली धरतं, म्हणून त्याच दिवशी थिनरने पुसून रेड ऑक्साइड मारलं.

त्या रेड ऑक्साइडची गंमत सांगते. त्याचा लाल रंग लोह-ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच कुळातला. तुळशी वृंदावनाला लावतो तो गेरूसुद्धा त्याच घरचा. जे मोकळं असताना खातं, तेच बारीक दळून तेलात बांधलं की राखतं. क्रोधाबद्दल असं म्हणता येईल का, यावर मी चार दिवस विचार करतेय. एखाद्या अन्यायावरचा राग असा बांधून ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत. पण राग "बांधलाय" म्हणणारे पुष्कळ जण तो फक्त लपवून असतात, त्यामुळे इतक्यात हो म्हणवत नाही.

टाकीला आतून डांबराचा काळा रंग दिलाय, बाहेरून ऑईल पेंटचे दोन हात. पाणी भरायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून वायर आणि अर्थिंग तपासून घेतलं. कूलर वर गेला तेव्हा बाबांनी त्या मुलांना ठिगळाची जागा बोट लावून दाखवली आणि सांगितलं, "इथून थेंब दिसला की बटण बंद करायचं अन् मला हाक मारायची."

उद्या ३९वा श्लोक.